करवत माशाने कापलेला दोर

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण एकदा माझ्या गोष्टीवर लोकांनी विश्वास ठेवला. एकट्यादुकट्याने नव्हे, अख्ख्या कहवाखान्याने. तेही हसत, डोळे मिचकावत नाही, तर गंभीर चेहऱ्याने माना डोलावून. आणि कोणाच्या गोष्टीवर? माझ्या, दसूकीच्या. सुएझच्या कालव्यात उलटं चालणारं जहाज मी पाहिलंय. एका स्वीडिश कप्तानाची बायको चुकून माझ्या होडीत उतरली आणि टोपलीभर संत्री खाऊन, सालं माझ्याच मांडीवर ठेवून परत वर गेली. हे मी पोर्ट सैदच्या अरब मोहल्ल्यात चाळीस वर्षं सांगत आलोय आणि चाळीस वर्षं लोक माझ्या तोंडावर हसत आलेत. त्यात माझं काही बिघडलं नाही. हसणारा माणूस चहा पाजतो.

त्या दिवशी मात्र कोणी हसलं नाही. त्याचीच ही गोष्ट.

आम्ही बंबूती. जहाजं कालव्यात शिरण्याआधी बंदरात रांग लावून थांबतात. तेवढ्या वेळात होडीत माल भरून त्यांच्या पोटाला जाऊन चिकटायचं आणि जे मिळेल त्याला जे हवं ते विकायचं, हा आमचा धंदा. भुसा भरलेले चामड्याचे उंट, पितळेची तबकं, उन्हाळी टोप्या. एका होडीत दोघं. एकाने शिडीवरून वर चढून डेकवर पथारी मांडायची, दुसऱ्याने खाली होडीत थांबायचं. होडीचा दोर शिडीच्या तळाशी बांधलेला. जहाज अचानक हललं तर होडीही त्याच्याबरोबर फरफटत निघते. निघू द्यायची. वरचा गडी खाली उतरेपर्यंत खालच्याने दोर सोडायचा नाही. होडी आपटली तर आपटली, भरली तर भरली. बुडायचं तर दोर धरून बुडायचं. हा नियम कोणी कोणाला शिकवत नाही. आईच्या दुधाबरोबर येतो तो.

माझा मेहुणा वहदान आणि महरूस हे दोघं एका होडीतले. तरुणपणापासून. महरूस गोड बोलणारा, म्हणून तो वर जायचा. वहदान दंडाचा पक्का, म्हणून तो खाली. दोघांची घरं समोरासमोर, इतकी जवळ की याच्या बायकोने मीठ मागितलं तर त्याच्या बायकोने खिडकीतूनच द्यावं.

खजूर पिकायच्या दिवसांत एका ग्रीक जहाजाला लागून हे दोघं उभे होते. जहाजाची पाळी दुपारनंतरची. पण पुढच्या जहाजाचं यंत्र बिघडलं आणि याला आधीच आत घेतलं. महरूस वर स्वयंपाक्याला उंट विकत होता. वहदान खाली. संध्याकाळी वहदान एकटा घरी आला. होडी अर्धी पाण्याने भरलेली, माल भिजलेला, आणि हातात महरूसचं जाकीट. नेमतच्या, म्हणजे महरूसच्या बायकोच्या दारात उभा राहून म्हणाला, दोर तुटला, वहिनी. तो वरच राहिला. सुएझला उतरेल, उद्या-परवा येईल.

नेमतने त्याला आत बोलावलं. बिचारा ओलाचिंब झालाय म्हणून कोरडा सदरा दिला, महरूसचाच. आणि महरूससाठी केलेला मासळीभात त्याच्या पुढ्यात वाढला. तो त्याने खाल्ला. न खाऊन काय सांगणार होता?

महरूस परवा आला नाही. त्याचा बंदराचा पास जाकिटाच्या खिशात होता आणि जाकीट वहदानच्या हातात. सुएझला पहारेकऱ्याने विचारलं, तू कोण? महरूस म्हणाला, मी इथलाच, पोर्ट सैदचा. पहारेकरी म्हणाला, सगळे तेच म्हणतात. शिडीवरून खाली पाय टाकू दिला नाही. जहाजाला थांबायला वेळ नव्हता. मग जेद्दा, मग कराची, मग आणखी कुठं कुठं. कप्तान भला माणूस, पण ज्याच्याकडे कागद नाही त्याला कुठलंच बंदर घेईना. महरूस त्या जहाजाच्या स्वयंपाकघरात कांदे सोलत राहिला.

इकडे त्याच्या मुलीचं, इन्शिराहचं, लग्न ठरलेलं. तारीख बापाने स्वतः धरलेली. नवरामुलगा दमिएत्ताचा, त्याची माणसं पुढे ढकलायला तयार नाहीत. निकाहाला मुलीच्या बाजूने कोणीतरी बापाच्या जागी बसून नवऱ्याचा हात हातात घ्यावा लागतो. महरूसला भाऊ नाही. नेमत समोरच्या दारात गेली आणि वहदानला म्हणाली, तुम्हीच बसा, भावोजी. त्यांनी तुमचंच नाव घेतलं असतं.

वहदान बसला. दोघांच्या हातांवर पांढरा रुमाल टाकला होता. तो दोनदा खाली घसरला, दोनदा वहदानने उचलून परत टाकला. बायका रडल्या. म्हणाल्या, मित्र असावा तर असा. माझी बायको दौलतही रडली, भावाच्या अभिमानाने. मीही डोळे पुसले. पण मला तेव्हाही जरा शंका आली होती. का, ते विचारू नका. खोटं बोलणाऱ्याला दुसऱ्याच्या खोट्याचा वास येतो, एवढंच.

महरूस आला तो थंडी सरताना. उत्तरेकडे जाणाऱ्या एका जहाजाने त्याला आणून सोडला. इथल्या पहारेकऱ्यांना त्याचं तोंड हाच पास. वाळून काटकी झालेला, कांद्याच्या वासाने भरलेला. धक्क्यावर आम्ही सगळे. त्याने प्रत्येकाला मिठी मारली. वहदानलाही मारली, आणि सगळ्यांपेक्षा जरा जास्त वेळ धरून ठेवला. वहदानचे हात मात्र खालीच लोंबत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी महरूसच्या सज्जाच्या कठड्यावर दोराचा एक तुकडा वाळत पडला होता. ग्रीक जहाजाच्या शिडीला राहिलेला तो अर्धा भाग. बंबूती दोर टाकून येत नाही, महाग असतो तो. महरूसने कमरेला गुंडाळून जगभर हिंडवला आणि घरी आणला. ओला होता म्हणून वाळत टाकला. एवढंच. त्याने काही म्हटलं नाही, काही दाखवलं नाही. पण गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला तो दिसत होता, आणि आमच्या गल्लीत दोर न ओळखणारा माणूस राहत नाही. तुटलेल्या दोराचं टोक म्हातारीच्या केसांसारखं पिंजारतं. हे टोक सपाट होतं. भाजी चिरल्यासारखं.

त्यानंतर कोणी वहदानला काही बोललं असतं तर बरं झालं असतं. कोणी बोललं नाही. त्याच्या होडीत दुसरा गडी बसेना, इतकंच. याची पाठ दुखते, त्याच्या घरी पाहुणे आलेत. वहदान एकटाच होडी घेऊन जायचा, म्हणजे वर चढता येत नाही आणि खाली थांबून विकलं काही जात नाही. जायचा आणि यायचा. गल्लीत चालताना भिंतीला घासून चालायचा. गल्लीच्या टोकाला कालवा, आणि कालव्यातून एखादं जहाज जाताना घरांपेक्षा उंच डोकं काढून सरकत जातं. आम्ही सगळे मान वर करून बघतो, सवयच आहे. तो मान खाली घालायचा.

आणि महरूस? महरूस रोज सकाळी त्याला सलाम करायचा. आवाज चढवून, नावासकट. तब्येत विचारायचा. शिवी दिली असती तर वहदान ती घरी नेऊन झोपला असता. हा सलाम घेऊन तो काय करणार?

मग वसंत आला, आणि आमच्याकडे वसंत म्हणजे लिंबी. शम्म-अन-नसीमच्या, म्हणजे वसंताच्या सणाच्या, आदल्या दिवशी प्रत्येक मोहल्ला कापडी बाहुले करतो, चौकात मंच बांधून त्यांची नाटकं मांडतो आणि मग सगळ्यांदेखत जाळतो. ज्याने वर्षभरात लोकांना छळलं त्याचं तोंड बाहुल्याला लागतं. भाव वाढवणारा कसाई, लाच खाणारा कारकून. दुसऱ्या दिवशी सगळे खारवलेली बोय मासळी आणि कांद्याची पात घेऊन बागेत जातात, आणि ज्याचा बाहुला जळला त्याला ती बदनामी पुढची दहा वर्षं पुरते.

आमच्या गल्लीतले बाहुले उस्ताद शरबीनी शिवतो. धंद्याने शिंपी, पण खरा जीव बाहुल्यांत. त्या वर्षी दौलत त्याच्याकडे गलेफ शिवायला टाकून आली ती पांढरीफटक पडलेली. मागच्या खोलीत एक बाहुला बसवलेला तिने पाहिला. डावीकडे झुकलेली मिशी. हातात दोराचा तुकडा. आणि डोक्यावर करड्या लोकरीची टोपी, तिने स्वतः भावाला विणून दिलेली.

टोपी तिथं पोचली कशी ते नंतर कळलं. गल्लीतल्या मुली दारोदार जुने कपडे मागत फिरल्या होत्या, बाहुल्यांसाठी. त्यात वहदानची नातही होती. कोणाचा बाहुला ते त्या पोरींना ठाऊक नव्हतं. आजोबांना म्हणाली, काहीतरी द्या ना. वहदानला ठाऊक होतं. त्याने डोक्यावरची टोपी काढून तिच्या हातात दिली.

दौलतने त्या रात्री मला जेवायला वाढलं नाही. समोर बसून म्हणाली, "जन्मभर फुकटचं खोटं बोललात. आता माझ्या भावासाठी एकदा कामाचं बोला."

मी शरबीनीकडे गेलो. तो काही दुष्ट माणूस नाही. म्हणाला, काका, त्याचं तोंड शिवताना सुई माझ्याच बोटात जाते. पण लोक विचारतात, मी काय सांगू? तुम्ही चारचौघांत कारण द्या. दोर वहदानने कापला नाही असं कहवाखान्याने एकदा मान्य केलं की मी आजच टोपी उतरवतो. दुसरं तोंड तयार आहे माझ्याकडे, जकातीवरच्या त्या नव्या साहेबाचं.

ठरलं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर कहवाखाना भरलेला. बाहेर वाळवंटातला वारा सुटलेला, म्हणून दारं ओढून घेतलेली आणि आत हुक्क्याचा धूर. शरबीनी मध्यभागी, पंचासारखा. महरूस आपल्या नेहमीच्या खुर्चीत, हुक्क्याची नळी तोंडात. मला वाटलं होतं तो येणार नाही. वहदानही आला होता. न येणं म्हणजे कबूल करणं, म्हणून तो रोज यायचा. आमच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड, पुढ्यात चहा, त्यावर साय धरलेली. बोडकं डोकं.

मी घसा खाकरला आणि म्हणालो, तुम्ही विश्वास ठेवणार नाही.

"नाही ठेवणार, काका," कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं. "चालू द्या."

मी चालू दिलं. म्हणालो, गेल्या खजुरांच्या दिवसांत तांबड्या समुद्रातून एक करवत मासा कालव्यात शिरला. होडीएवढा. तोंडाला अशी करवत की दमिएत्ताच्या सुताराने पाहिली असती तर आपली मुलगी देऊन मागून नेली असती. कालव्याचा कर न भरता, पायलट न घेता, सरळ इथपर्यंत आला. आता कोणी म्हणेल, तो इकडे का आला? तर गोड्या पाण्याच्या वासाने. मंजाला सरोवराचा वास त्याला आवडतो.

कोणीतरी म्हणालं, त्याला कोणी विचारलं होतं का? मी म्हणालो, त्याच्या मावशीला. दोघंतिघं हसले. तेवढ्याने माझी जीभ सैल झाली.

मग मी ते ग्रीक जहाज उभं केलं. त्याचं पुढचं टोक, त्याने फोडलेली लाट, वहदानची होडी त्या लाटेत कशी उभी राहिली ते. वहदानने दोर दोन्ही हातांनी धरलेला. तळहात सोललेले. दोर पाण्यात बुडायचा, वर यायचा, बुडायचा. आणि खालून तो मासा. बोयींच्या थव्यामागे लागलेला. थवा दोराखालून गेला, मासा दोरावरून. एक हिसका. सपाट. भाजी चिरल्यासारखा.

म्हातारा गिरगिस, कहवाखान्याचा मालक, गल्ल्यावरून म्हणाला, करवतीने कापलं तर धागे निघतात, दसूकी. सपाट कसा होईल?

हा अडचणीचा प्रश्न होता. मी म्हणालो, तुमची करवत आणि त्याची करवत सारखी का? त्याची देवाने धार लावलेली. पण माझा आवाज जरा पातळ आला, आणि तो सगळ्यांनी ऐकला. हसणं थांबलं. लोक पेल्यांत बघायला लागले. शरबीनी माझ्याकडे बघत होता, अजून काहीतरी द्या काका, अशा डोळ्यांनी. जन्मात पहिल्यांदा माझी गोष्ट अर्ध्यावर बंद पडली होती. मला मेहुण्याची पाठ दिसत होती. सदऱ्याखाली खांद्याची हाडं वर आलेली. माझ्या एकेका शब्दाला ती पाठ आणखी वाकत होती हे मला तेव्हा दिसलं. मी त्याला वाचवत होतो की चौकात उभा करून त्याचे कपडे उतरवत होतो?

तेव्हा महरूसने हुक्क्याची नळी बाजूला ठेवली.

"मासा होता," तो म्हणाला. "मी पाहिला."

महरूस शांतपणे बोलत होता, कोणाकडेही न बघता. म्हणाला, मी वर कठड्याशीच होतो. वरून पाणी स्वच्छ दिसतं. मोठा होता, काळपट. दसूकीकाका नेहमी वाढवून सांगतात, होडीएवढा काही नव्हता, पण होता. वहदानने दोर शेवटपर्यंत धरला होता. मी इतके दिवस बोललो नाही, कारण माशाची गोष्ट सांगितली तर लोक म्हणतील, हाही दसूकी झाला.

यावरही कोणी हसलं नाही. गिरगिसने मान डोलावली. त्याच्या शेजारच्याने डोलावली. मग एकेक करून सगळ्यांनी. ज्यांनी तो दोर रोज सज्जाखालून जाताना पाहिला होता, त्या सगळ्यांनी. कोणी कोणाच्या डोळ्यांत बघत नव्हतं. मी अनेक वर्षं लोकांना फसवायचा प्रयत्न करत आलोय, आणि सांगतो, फसलेली माणसं अशी दिसत नाहीत. हे सगळे माझ्याबरोबर खोटं बोलत होते, मुकाट्याने, आणि प्रत्येकाला त्याची लाज वाटत होती. मला सगळ्यांत जास्त. ज्या माणसाला मुलीच्या लग्नात बसता आलं नाही तो आपल्या जागी बसलेल्यासाठी साक्ष देत होता, आणि ती द्यायला मी लावलं होतं. तीही एका माशाची.

शरबीनीने सुस्कारा सोडला. मांडीवर थाप मारली. म्हणाला, मग मिटलं. जकातीचा साहेबच बरा. टोपी संध्याकाळी घरी पाठवतो. गिरगिसने सगळ्यांना पुदिन्याचा चहा टाकायला सांगितला, आपल्यातर्फे. खुर्च्या सरकल्या, लोक मोठ्याने बोलू लागले, वारा कधी थांबणार, बोय या वर्षी किती खारट झालीय. माझा मेहुणा वाचला होता. दौलत मला रात्री बदक करून वाढणार होती.

वहदान उठला. आधी मला वाटलं तो बाहेर जायला उठला. पण तो वळला. कित्येक आठवड्यांनी मी त्याचं तोंड समोरून पाहिलं. मिशी पार पांढरी झाली होती. तो माझ्याजवळ आला नाही, शरबीनीकडे गेला नाही. महरूसच्या खुर्चीसमोर येऊन थांबला. तो बोलला तेव्हा इतक्या हळू बोलला की गिरगिसने हातातला पेला खाली ठेवला.

"दाजी खोटं बोलले. त्यांचं चालतं, ते रोजच बोलतात. तू नको बोलूस. मासा नव्हता. आणि तू पाण्याकडे बघत नव्हतास, महरूस. तू माझ्याकडे बघत होतास, आणि मी वर तुझ्याकडे बघत दोर कापला."